तालुक्याच्या कॉलेजातला अर्ज परदेशी प्रवेश समिती कसा वाचते

प्रश्न थोडक्यात असा: दारव्हा-दिग्रस भागातल्या कॉलेजातून प्राणिशास्त्रात एम.एस्सी., ६७ टक्के, कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर छोटा प्रकल्प, आणि अमेरिकेत कीटकशास्त्रात पीएच.डी. करायची इच्छा. समितीतल्या कुणी आपल्या कॉलेजचं नावही ऐकलेलं नसणार. मग अर्ज पहिल्याच चाळणीत जातो का, आणि ही माणसं नेमकं बघतात तरी काय?

कॉलेजचं नाव अनोळखी आहे एवढ्यावरून अर्ज सहसा पडत नाही. मोठ्या शहरांतली मोजकी नावं सोडली तर भारतातली बहुतेक कॉलेजं त्या टेबलावर सारखीच अनोळखी असतात. अर्ज पडतो तो दुसऱ्या कारणाने. पंधरा-वीस पानं वाचूनही हा विद्यार्थी स्वतः काय करू शकतो याचा एकही पुरावा वाचणाऱ्याच्या हाती लागत नाही. तुमची सगळी मेहनत या एका गोष्टीवर लागायला हवी.

आपल्याकडच्या प्रवेशाची सवय आधी बाजूला ठेवा. आपल्याकडे आकडा बोलतो. यूजीसीने मार्च २०२४ मध्ये ठरवल्याप्रमाणे जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) न मिळालेल्या उमेदवाराच्या पीएच.डी. प्रवेशात नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन आहे. यादी लागते आणि नाव वर किंवा खाली असतं. तिकडे अशी यादी लावणारी एकच परीक्षा नाही. विभागातले चार-सहा प्राध्यापक फाईल वाचतात आणि एकमेकांशी बोलून ठरवतात.

कामाचा क्रम साधारण असा असतो. मुदत संपली की कार्यालयातले कर्मचारी अर्ज पूर्ण आहे का ते पाहतात: फी भरली का, तिन्ही शिफारसपत्रं आली का, इंग्रजी परीक्षेचे गुण किमान मर्यादेच्या वर आहेत का. इथे अडकलेली फाईल पुष्कळदा कुणी वाचतच नाही. पुढे प्रत्येक फाईल दोन किंवा तीन प्राध्यापकांकडे जाते आणि ते ठरलेल्या मुद्द्यांवर गुण किंवा शेरे देतात. पहिलं वाचन फार लांब नसतं. दहा-पंधरा मिनिटांत ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाने दिलेला सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचा उतारा), उद्देशपत्र (काय आणि का शिकायचं ते सांगणारं तुमचं पत्र) आणि तीन शिफारसपत्रं नजरेखालून जातात. ज्या फाईलवर वाचणाऱ्यांचं एकमत होत नाही, तिच्यावर बैठकीत खरी चर्चा होते. मग ऑनलाईन मुलाखती आणि शेवटी प्रस्ताव. विभाग शिफारस करतो आणि विद्यापीठाचं पदव्युत्तर कार्यालय त्यावर शिक्का मारतं.

बैठकीत तीन प्रश्न फिरत असतात. हा विद्यार्थी संशोधन करू शकेल का? पाच-सहा वर्षं टिकून प्रबंध पुरा करेल का? आणि आमच्यापैकी त्याला कोण घेणार? तिसरा प्रश्न आपल्याकडचे विद्यार्थी पूर्ण विसरतात. अमेरिकेतली विज्ञानातली पीएच.डी. बहुतेक पगारी असते: शिकवणी फी माफ आणि वर शिष्यवृत्ती. ते पैसे एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पातून किंवा विभागाच्या अध्यापन साहाय्यकाच्या जागांतून येतात. कीटकशास्त्राच्या अनेक विभागांत तर एखादा प्राध्यापक "मी या विद्यार्थ्याला घेतो" असं म्हणाल्याशिवाय प्रवेशच होत नाही. त्यामुळे उत्तम फाईलही त्या वर्षी कुणाकडे पैसे नसले तर परत जाते. नकार आला की लगेच स्वतःला कमी लेखू नका, असं सांगायचं कारण हेच.

आता गुण. ६७ टक्के ऐकून तिथला प्राध्यापक दचकेल, अशी भीती असते. त्यांच्याकडे ६७ म्हणजे जवळजवळ नापास, हे खरं आहे. पण भारतीय मार्कशीट वाचायची सवय बऱ्याच समित्यांना झालेली असते. टक्क्यांचं ४ पैकी गुणांकात रूपांतर तुम्ही स्वतः करू नका. इंटरनेटवरचं सूत्र लावून केलेला आकडा आणि मूळ ट्रान्सक्रिप्ट जुळले नाहीत की विश्वास जातो. अर्जात जास्तीच्या माहितीसाठी जागा असते. तिथे तीन ओळी लिहा: आमच्या विद्यापीठात ६० टक्क्यांना प्रथम श्रेणी मिळते, माझ्या वर्गात इतके विद्यार्थी होते, त्यांत माझा क्रमांक अमुक. क्रमांक खरा असू द्या आणि विभागप्रमुखांच्या पत्रातही तोच येऊ द्या.

एकूण टक्क्यांपेक्षा वाचणारा दोन गोष्टी जास्त पाहतो. गुण वर चढत गेले की खाली उतरले, आणि ज्या विषयावर पुढचं काम उभं राहणार त्यात काय मिळालं. कीटकशास्त्रासाठी आनुवंशिकी, परिस्थितिकी आणि संख्याशास्त्र. संख्याशास्त्रात कमी गुण असतील तर अजून वेळ आहे. स्वयम किंवा एनपीटीईएल या सरकारी ऑनलाईन व्यासपीठांवरचा परीक्षेसह अभ्यासक्रम करा आणि प्रकल्पाची आकडेवारी 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणक प्रणालीत स्वतः सोडवून दाखवा. एखाद्या सेमिस्टरला एटीकेटी लागली असेल तर ती लपत नाही, ट्रान्सक्रिप्टवर दिसतेच. दोन वाक्यांत सांगा: काय झालं, आणि त्यानंतरच्या सेमिस्टरला काय केलं. तिसरं वाक्य लिहिलं की ते रडगाणं होतं.

अमेरिकेतली काही विद्यापीठं एकूण सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. नुसती तीन वर्षांची बी.एस्सी. तिथे अडते. तुमची एम.एस्सी. असल्यामुळे हा अडथळा नाही.

शिफारसपत्रांवर मात्र थांबायला हवं, कारण ग्रामीण कॉलेजातल्या चांगल्या विद्यार्थ्यांचं सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. आपल्याकडचं नेहमीचं पत्र असं असतं: विद्यार्थी प्रामाणिक, मेहनती, आज्ञाधारक व सद्वर्तनी आहे, त्याच्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा. सर मनापासून लिहितात. पण हे पत्र कुठल्याही विद्यार्थ्याला चिकटवता येतं, म्हणून वाचणाऱ्याला ते रिकामं दिसतं. "आज्ञाधारक" तर उलटं पडतं. सांगितलं तेवढंच करणारा माणूस प्रयोगशाळेत नको असतो. उपयोगी पत्रात चार गोष्टी असतात: किती वर्षं आणि कुठल्या नात्याने ओळख आहे, इतर विद्यार्थ्यांच्या तुलनेत हा कुठे बसतो, त्याने स्वतःहून केलेली एखादी ठोस गोष्ट, आणि अजून काय शिकायचं आहे. तुलनेचं वाक्य फार वजनाचं असतं. "गेल्या दहा वर्षांत माझ्याकडे प्रकल्प केलेल्या विद्यार्थ्यांपैकी पहिल्या तिघांत" हे एक वाक्य अर्ध्या पानाच्या स्तुतीपेक्षा पुढे जातं.

सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." हे सर्रास चालतं आणि इथेच फाईल बिघडते. तिन्ही पत्रं एकाच हाताची असली की भाषा, चुका, आवडते शब्द सारखे येतात, आणि रोज पत्रं वाचणाऱ्याला ते ताबडतोब कळतं. नागपूर-अमरावतीत पत्रं लिहून देणारी दुकानं आहेत, त्यांच्या साच्यातली पत्रं तर वाचणाऱ्यांनी आधीही पाहिलेली असतात. त्यापेक्षा सरांना एक पानाचं टिपण द्या. प्रकल्प कधी सुरू झाला, कुठल्या शेतात, मोजणी कशी केली, कुठे चुकलं, सरांनी काय सुचवलं, ते कसं दुरुस्त केलं. सोबत विद्यापीठांची नावं आणि तारखा, मुदतीच्या किमान सहा आठवडे आधी. आणि विनंती करा की यातली तुम्हाला आठवत असलेली एक-दोन कामं तुमच्या शब्दांत लिहा. सरांचं इंग्रजी साधं असलं तरी काही बिघडत नाही. साध्या इंग्रजीतला खरा तपशील समितीला हवा असतो.

पत्र कुणाचं घ्यायचं? ज्याने तुमचं काम जवळून पाहिलं त्याचं. संस्थाचालक, आमदार, कधीच न शिकवलेले प्राचार्य यांची पत्रं जागा वाया घालवतात. प्रकल्पाचे मार्गदर्शक आणि एम.एस्सी.ला शिकवलेले एक प्राध्यापक ही दोन झाली. तिसरं कॉलेजबाहेरचं मिळवलं तर फाईलचं वजन पुष्कळ वाढतं, कारण अनोळखी कॉलेजाबद्दलची शंका तेच पत्र दूर करतं. विदर्भात यासाठी जागा आहेत: नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र. दोन-तीन महिने विनावेतनही काम करायला मिळालं तर करा, पण काम ठरवून घ्या. नुसतं प्रमाणपत्र घेऊन परत आलात तर पत्रात लिहायला त्यांच्याकडे काही नसेल.

आणखी दोन बारीक गोष्टी. पत्र कॉलेजच्या किंवा संस्थेच्या ईमेलवरून अपलोड झालेलं बरं. तालुक्याच्या कॉलेजात बरेच सर जीमेलच वापरतात आणि काही विद्यापीठं अशा पत्त्यावर शंका घेतात. कॉलेजच्या डोमेनवर पत्ता उघडून देता येतो का, कार्यालयात विचारा. नसेलच तर विभागाच्या समन्वयकाला आधी ईमेल करून कळवा आणि पत्र लेटरहेडवर असू द्या. दुसरं म्हणजे, पत्र पाहण्याचा हक्क सोडता का, असं अर्जात विचारतात. हो म्हणा. नाही म्हटलं तर सरांनी मोकळेपणाने लिहिलं नसेल असं वाचणारा धरून चालतो.

उद्देशपत्र, म्हणजे एसओपी. बहुतेक ठिकाणी एक ते दोन पानं. "लहानपणापासून मला निसर्गाची ओढ होती" इथून सुरू झालेलं पत्र त्या दिवशी तिथे आलेल्या कैक पत्रांसारखंच असतं. सुरुवात प्रश्नापासून करा. साधारण निम्मं पत्र केलेल्या कामावर, उरलेलं पुढच्या प्रश्नावर आणि त्या विभागावर. तुमच्यासारख्या प्रकल्पावरचा परिच्छेद असा होऊ शकतो:

"खरिपात सहा शेतांत हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावून मी दर आठवड्याला पतंग मोजले. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग आले तर फवारणीचा विचार करावा, असा प्रचलित सल्ला आहे. आठवड्यातून एकदाच मोजल्यामुळे हा निकष मला लावताच आला नाही. शिवाय हिरवी बोंडं फोडून पाहिली तेव्हा दोन शेतांत सापळ्यातली संख्या कमी आणि बोंडांतल्या अळ्या जास्त निघाल्या. सापळ्यातला ल्युअर (गंधाची वडी) वेळेवर न बदलणं हे कारण असू शकतं, पण ते तपासायला माझ्याकडे तुलनेची शेतं नव्हती. पुन्हा करायचं झालं तर मी रोजची मोजणी कमी शेतांत करेन."

यात शोध मोठा नाही. पण या विद्यार्थ्याला पद्धत कळते, आकडा कुठे फसवतो ते कळतं, आणि पुढे काय करायचं तेही सुचतं, हे वाचणाऱ्याला दिसतं. "मी बोंडअळीवर यशस्वी प्रकल्प पूर्ण केला" या वाक्यातून यातलं काहीच दिसत नाही. मर्यादा लिहिली तर गुण कमी होतील, ही भीती आपल्या परीक्षांनी लावलेली आहे. संशोधनात मर्यादा ओळखणं हीच लायकी मोजली जाते.

गरिबी, कोरडवाहू शेती, घरातला पहिला पदवीधर असणं, हे लिहायचं की नाही असं बरेच जण विचारतात. लिहा, पण त्याचा कामाशी संबंध दाखवून. "सकाळी शेतात निंदण-फवारणी करून दुपारी कॉलेजला जात होतो, म्हणून दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिकांना हजेरी कमी आहे" हा संदर्भ झाला आणि तो तुमच्या बाजूने मोजला जातो. २०१७ च्या बोंडअळीच्या हंगामात घरचं पीक गेलं आणि तिथून हा प्रश्न मनात घर करून बसला, असं खरंच असेल तर ते एका वाक्यात यावं. विदर्भातल्या आत्महत्यांवर दोन परिच्छेद लिहून सहानुभूती मिळवायचा प्रयत्न करू नका. वाचणाऱ्याला वाईट वाटेल, पण तुमच्याबद्दल त्याला काही कळणार नाही. आपलं दुःख पुराव्याच्या जागी ठेवायची वेळ तुमच्यावर येऊ नये, यासाठीच वरचं सगळं काम करायचं आहे.

विभाग निवडताना खोलात जाऊन वाचा. अमेरिकेच्या कृषी खात्याने ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथलं व्यापारी कापूस क्षेत्र गुलाबी बोंडअळीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. म्हणजे "मला अमेरिकेतल्या शेतात गुलाबी बोंडअळीचा अभ्यास करायचा आहे" असं लिहिणाऱ्याने काहीच वाचलेलं नाही, हे पहिल्या ओळीत उघडं पडतं. पण बीटी कपाशीतल्या विषाला अळीत प्रतिकारशक्ती कशी येते, आश्रय पिकाच्या (बीटी नसलेल्या कपाशीच्या) ओळी का उपयोगी पडतात किंवा पडत नाहीत, यावर अॅरिझोना विद्यापीठात दीर्घकाळ काम झालं आहे, आणि विदर्भातल्या शेतांशी त्याचा थेट संबंध आहे. तुमचा प्रश्न कीड सोडून यंत्रणेकडे वळवला तर तो तिथल्या माणसांचाही प्रश्न होतो.

त्यासाठी अर्जाआधी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये प्राध्यापकांना ईमेल करा. दीडशे-दोनशे शब्द पुरेत. त्यांच्या एका शोधनिबंधातला एक मुद्दा, तुमच्या कामाशी त्याचा दुवा, आणि साधा प्रश्न: पुढच्या वर्षी तुम्ही नवीन विद्यार्थी घेणार आहात का? सोबत एक-दोन पानांचा बायोडेटा. "रिस्पेक्टेड सर" लिहून चाळीस जणांना एकच ईमेल पाठवू नका. त्यांतल्या निम्म्या कदाचित बाई असतील. "डिअर डॉक्टर" आणि पुढे आडनाव, एवढं बरोबर. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदाच आठवण द्या. "आमच्याकडे सध्या पैसे नाहीत" असं उत्तर आलं तरी ते मोलाचं आहे, कारण त्या विद्यापीठाची अर्जाची फी वाचते. एका अर्जाला बहुधा ७५ ते १२५ डॉलर पडतात. सहा-आठ अर्ज म्हणजे घरच्यांसाठी मोठी रक्कम. फी माफीची सोय बऱ्याच ठिकाणी असते, समन्वयकाला मुदतीआधी विचारा.

परीक्षांबद्दल थोडक्यात. २०२० नंतर अनेक विभागांनी जीआरई (पदव्युत्तर प्रवेशाची प्रमाणित परीक्षा) मागणं बंद केलं. जिथे ती ऐच्छिक आहे तिथे गणिताच्या भागात चांगले गुण असतील तरच पाठवा. टोफेल किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा बहुतेक ठिकाणी टाळता येत नाही, गुण दोन वर्षं चालतात. किमान मर्यादा ओलांडली की समिती पुन्हा त्याकडे फारशी पाहत नाही, त्यामुळे अर्धा बँड वाढवायला पुन्हा फी भरण्यापेक्षा तो महिना उद्देशपत्राला द्या. अध्यापन साहाय्यकाच्या जागेसाठी मात्र बोलण्याच्या भागाची वेगळी मर्यादा असू शकते, ती आधी पाहा.

कागदपत्रांत आपल्याकडची नेहमीची अडचण नावाची. मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, कधी आईचंही. पासपोर्टवर वेगळा क्रम. परीक्षा पासपोर्टच्या नावावर होते, ट्रान्सक्रिप्ट दुसऱ्या नावाने येतं आणि विद्यापीठाच्या संगणकात दोन माणसं तयार होतात. सगळे अर्ज पासपोर्टप्रमाणे भरा आणि "इतर नावे" या रकान्यात मार्कशीटवरचं नाव जसंच्या तसं लिहा. ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठात ऑगस्टमध्येच अर्ज टाका. दिवाळीच्या सुट्ट्या आणि परीक्षांचे निकाल यांत ते काम अडकतं. मुदती बहुतेक डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे १५ डिसेंबरचे रात्रीचे ११:५९ म्हणजे आपल्याकडे १६ तारखेचे सकाळचे १०:२९, पण त्या सकाळी गावात लाईट असेलच असं धरून चालू नका. दोन दिवस आधी पाठवा.

मुलाखत जानेवारी-फेब्रुवारीत, वीस-तीस मिनिटांची. पाठांतर तपासत नाहीत. प्रकल्प समजावून सांगा, हीच पद्धत का घेतली, आकडे उलटे आले असते तर काय म्हणाला असता, असं विचारतात. "माहीत नाही, पण मी असं शोधेन" हे उत्तर चालतं. बनवून सांगितलेलं दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं. इंटरनेट धड नसेल तर तालुक्याला किंवा कॉलेजच्या संगणक कक्षात जाऊन बसा, आणि फोन नंबर त्यांना आधीच कळवून ठेवा.

जर्मनीचा विचार असेल तर गणित वेगळं आहे. तिथे मास्टर्ससाठी गुणांचं रूपांतर ठरलेल्या सूत्राने होतं: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. उत्तीर्णची मर्यादा ४० असेल तर ६७ टक्क्यांचे २.६५ होतात. तिथे आकडा जितका लहान तितका चांगला, त्यामुळे २.५ ची अट असलेला अभ्यासक्रम तिथेच हातचा जातो. भारतीयांना एपीएस प्रमाणपत्रही (शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) लागतं, त्याला वेळ ठेवा. ब्रिटनमधल्या एका वर्षाच्या मास्टर्सला मुख्यतः गुण आणि उद्देशपत्र पाहतात, प्रवेश तुलनेने सहज मिळतो, पैसे सहसा मिळत नाहीत.

अमेरिकेतही मास्टर्सचा प्रवेश अनेकदा पैशांशिवाय येतो. ते पत्र हाती आलं की घरात पेढे वाटले जातात आणि शेत गहाण टाकायची भाषा सुरू होते. थांबा. प्रस्तावात शिकवणी फी माफ आहे का, शिष्यवृत्ती महिन्याला किती, किती वर्षांची हमी आणि आरोग्य विमा कोण भरणार, हे लेखी विचारा. पगारी प्रस्तावावर १५ एप्रिलपूर्वी निर्णय द्यायची सक्ती करू नये, असा अमेरिकेतल्या बहुसंख्य विद्यापीठांचा आपसातला करार आहे, त्यामुळे दुसरीकडच्या उत्तराची वाट पाहायला तुम्हाला वेळ मिळतो. प्रतीक्षायादीही याच तारखेच्या आसपास हलते. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती तुम्हाला लागू होत असेल तर विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट अर्ज करण्याआधीच त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहा, आणि जात वैधता प्रमाणपत्र व उत्पन्नाचा दाखला याच पावसाळ्यात मार्गी लावा. प्रवेश मिळाल्यावर तहसीलच्या फेऱ्या सुरू केल्या तर जाहिरातीची मुदत निघून जाते.